मूठ दिसेपर्यंत

१

तिला वाटलं होतं, बाबांच्या वर्कशॉपचं शटर वर करतानाच हात काळे होतील. आठ वर्षं परमुलखात इंजिनांचं शास्त्र शिकून ती परत आली होती, आणि परतीच्या सबंध प्रवासात तिने मनाशी एक चित्र रंगवलं होतं: गंजलेले पाने, तेलाने चिकट झालेली फरशी, कोपऱ्यात ताडपत्रीखाली बसकण मारलेली बाबांची गाडी, आणि या सगळ्यावर बाह्या सरसावून तुटून पडणारी ती. इथे आता अंदाजपंचे काही चालणार नाही. जे होईल ते मोजून होईल. भिंतीवर कुठला फलक कुठे लावायचा हेसुद्धा तिचं ठरलं होतं.

प्रत्यक्षात शटर एका हाताने अलगद वर गेलं. पाने लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने टांगलेले होते. फरशीवर बाबा गेल्यापासूनची, तीन महिन्यांची पातळ धूळ होती, त्याखाली डाग नव्हता. टेबलावर नवाकोरा लॅपटॉप होता, त्याला इंजिनाची नोंद घेणारं यंत्र जोडलेलं होतं, आणि मागच्या भिंतीवर बाबांच्या ठसठशीत अक्षरात एक कागद चिकटवला होता: ‘आवाजावर जायचे नाही. आकडे पाहायचे.’

हे तिचंच वाक्य होतं. फोनवर तोंडावर फेकलेलं. ते त्यांनी भिंतीवर लावलं होतं.

गाडी मधोमध उभी होती. जपानी, दोन दारांची, टर्बोची. ती नऊ वर्षांची असताना बाबांनी ही गाडी समोरून चेपलेल्या अवस्थेत आणली आणि पुढचं आयुष्य तिला रस्त्यावर पळती करण्यात घालवलं. मूळचा लहान टर्बो, म्हणजे धुराच्या झोतावर फिरून इंजिनाच्या घशात हवा कोंबणारा पंखा, काढून त्यांनी मोठा बसवला. ती हवा थंड करायला नाकाशी रुंद जाळी लावली. धुराचा पाइप मनगटाएवढा जाड केला. जगाला वेड वाटेल असं सगळं त्यांनी एकट्याने, शांतपणे केलं होतं.

तिने दार उघडलं आणि बसायला गेली तर गुडघा डॅशबोर्डवर आपटला. सीट पुढच्या शेवटच्या खाचेपर्यंत ओढलेली होती.

बाबा सहा फुटांचे होते.

‘खालचा गालिचा झाडला असेल कोणीतरी,’ ती मोठ्याने म्हणाली, सीट मागे ढकलली आणि कामाला लागली.

२

घरी आत्या होती. बाबांची थोरली बहीण, तोंडाने फटकळ, हाताने मऊ.

‘उद्याचा दिवस आणि परवाची सकाळ,’ आत्याने ताट वाढताना सांगितलं. ‘परवा दहाला तो शर्यतवाला येतोय गाडी न्यायला. मी शब्द दिलाय.’

‘मला न विचारता?’

‘तुला विचारायला तू होतीस कुठे? आणि ती गाडी काय करायचीय तुला? माझ्या भावाला तिने संसार करू दिला नाही. तुझी आई गेल्यावर माणूस जेवायचा तोसुद्धा बॉनेटवर ताट ठेवून.’

‘परवापर्यंत ती पूर्ण करते,’ ती म्हणाली. ‘मग बघ, विकावीशी वाटते का. वर्कशॉप मी चालवणार आहे, आत्या. नीट, शास्त्रशुद्ध.’

‘कर बाई. शास्त्रशुद्ध जेव आधी.’

जेवताना तिला ते फोनवरचं बोलणं आठवलं. आठवायचं नाही असं ठरवूनही रोज आठवायचं. बाबा जाण्याच्या महिनाभर आधीचं. ‘दोन दिवस येऊन जातेस का?’ त्यांनी विचारलं होतं. ‘टर्बो बदललाय. तीन हजार फेऱ्यांवर कुठेतरी टिकटिक येतेय. पायाशी कोणी नाही.’ त्यावर तिने, परीक्षेच्या घाईत, चढ्या आवाजात सुनावलं होतं: ‘बाबा, आता पायाशी कोणी लागत नाही. नोंदयंत्र घ्या आणि आकडे पाठवा. कानाने कोणी इंजिन लावतं का आता?’

ते म्हणाले होते, ‘बरं.’

आकडे त्यांनी कधी पाठवले नाहीत. तिनेही मागितले नाहीत.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी सीट पुन्हा पुढे होती.

तिने हसून घेतलं. सीटखालची खाच झिजली असणार आणि फरशीला पुढच्या बाजूला उतार असणार, आपोआप घरंगळत असेल. मोजल्याशिवाय मानायचं नाही, म्हणून तिने फरशीवर पाणसळ ठेवली. बुडबुडा सरकला. उतार होता, पण मागच्या बाजूला, पाणी वाहून जावं म्हणून केलेला. सीट घसरलीच असती तर मागे.

खाचेत तिने बोट घालून पाहिलं. दात शाबूत होते.

मग तिने सीट मागे ढकलून तो विषय बाजूला ठेवला, रिकाम्या टाकीत पेट्रोल ओतलं, धुराच्या पाइपाला रबरी नळी लावून ती खिडकीबाहेर सोडली आणि इंजिन चालू केलं. लॅपटॉपवर रेषा उमटू लागल्या: हवा, पेट्रोल, ठिणगीची वेळ. सगळं बरोबर, इतकं की कोणत्याही परीक्षकाने पैकीच्या पैकी द्यावेत. आणि तरीही इंजिनाच्या पोटात कुठेतरी अगदी बारीक काहीतरी खटकत होतं. घशाशी आलेला आणि न आलेला ठसका असावा तसं. आकड्यांत ते कुठेच नव्हतं.

तिने इकडेतिकडे पाहिलं. कोणी नव्हतं. मग, चोरी करावी तशी, तिने बाबांचा लांब पेचकस उचलला, त्याचं टोक इंजिनाला टेकवलं आणि मूठ कानाला लावली.

लहानपणी हे काम दोघांचं असायचं. बाबा बॉनेटखाली, पेचकस कानाशी. ती आत, पाय अ‍ॅक्सिलरेटरवर. तिचा पाय पोहोचत नसे म्हणून सीट पार पुढे ओढलेली. इंजिनाच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून बाबा बॉनेटच्या कडेबाहेर हात काढून बोटं दाखवत. एक बोट म्हणजे मिनिटाला हजार फेऱ्या. दोन म्हणजे दोन हजार. तीन म्हणजे तीन. आणि मूठ म्हणजे सोड. एकदा पायाला गोळा आला म्हणून तिने मधेच पाय काढला होता. बाबा रागावले नव्हते. खिडकीशी वाकून म्हणाले होते, ‘ठेंगू, मूठ दिसेपर्यंत पाय काढायचा नाही. एवढंच काम आहे तुझं.’ नंतर पायाला कितीही मुंग्या आल्या तरी तिने तो काढला नव्हता.

ती टिकटिक या मंद चालीत नीट कळत नव्हती. वेग वाढायला हवा होता. कान पेचकसाला, डोळे मिटलेले, आणि डावा हात आपसूक, जुन्या सवयीने, बॉनेटच्या कडेबाहेर गेला. तिने दोन बोटं दाखवली.

इंजिनाचा सूर चढला.

तिने डोळे उघडले. लॅपटॉपवर काटा दोन हजारांवर होता. तिथेच थांबला होता.

‘हवा गळतेय कुठेतरी,’ ती म्हणाली. हवेची नळी गळली की इंजिन असं आपोआप चढउतार करतं, हे पुस्तकात आहे. तिने स्वतः ते शिकवलंसुद्धा होतं, खालच्या वर्गाला. तिने हाताची मूठ केली.

सूर खाली आला.

चावी फिरवून इंजिन बंद करण्यासाठी तिला गाडीत हात घालावा लागला. त्यासाठी दाराशी जायला तिला जरा वेळ लागला. आत कोणी नव्हतं. सीट तिने मागे ढकलली होती तिथेच होती. निदान तिला तसं वाटलं. ती नीट बघत राहिली नाही.

४

शेजारच्या गाळ्यात वेल्डरकाका होते. चाळीस वर्षं ठिणग्या बघून त्यांचे डोळे कायम अर्धे मिटलेले असत.

‘अगं बाई, ठेंगू! केवढी ताडमाड झालीस! आता मलाच मान वर करावी लागते,’ ते म्हणाले. ‘सकाळी आवाज ऐकला. म्हटलं, आली वाटतं बापाच्या वळणावर. कोणाला बसवलं होतंस पायाशी?’

‘कोणाला नाही. मी एकटीच होते.’

वेल्डरकाकांचं हसू ओठांवरच राहिलं. त्यांनी हातमोजे काढले, परत घातले.

‘काका, बाबा गेले त्या दिवशी तुम्ही होतात ना इथे?’

‘होतो की. आत्याने सांगितलं असेल सगळं.’

‘आत्या म्हणाली, काम करता करता गेले. हृदय बंद पडलं.’

‘मग झालं तर.’

‘काका.’

त्यांनी मान फिरवली आणि भिंतीशी बोलावं तसं बोलले. ‘आत्या म्हणाली होती, पोरीला सांगू नका. दुपारची वेळ. तुझ्या बाबांनी इंजिन चढवलेलं. नेहमीचंच, आम्हाला काय नवल? पण ते एकाच सुरात ओरडत राहिलं. खाली नाही, वर नाही. अर्धा तास, पाऊण तास. मी इथून हाकही मारली, आता पुरे करा म्हणून. शेवटी पेट्रोल संपलं तेव्हा गप्प झालं. म्हटलं बघावं. तर हे बॉनेटपुढे पडलेले. डॉक्टर म्हणाले, कधीचे गेले होते. इंजिन चालू असतानाच.’

‘अ‍ॅक्सिलरेटरवर वीट ठेवली असेल त्यांनी. एकटे होते ना.’

‘मलाही तसंच वाटलं. म्हणून तर आत डोकावलो.’ वेल्डरकाकांनी मान हलवली. ‘वीट नव्हती गं. काहीच नव्हतं. सीट तेवढी पार पुढे होती.’

तिने वर्कशॉपच्या शटराकडे पाहिलं.

‘आणि हात,’ ते म्हणाले. ‘पडताना हात बॉनेटच्या आधारकाठीत अडकलेला. वरच राहिला होता. असा.’

त्यांनी हातमोजा घातलेला हात वर केला. तीन बोटं.

५

ती वर्कशॉपमध्ये परत आली आणि लॅपटॉपसमोर बसली. तिचं डोकं अजून तिचं होतं. अ‍ॅक्सिलरेटरची तार अडकली असेल. अडकलेली तार हे हजार गाड्यांत होतं. तिने तार तपासली. नव्या रेशमी दोऱ्याइतकी सुळसुळीत होती.

मग तिने बाबांच्या नोंदी उघडल्या. एकतीस होत्या. प्रत्येकीला क्रमांक आणि तारीख. तिला पाठवण्यासाठी नीट लावून ठेवल्यासारख्या. शेवटची नोंद त्या दुपारची होती. एक्केचाळीस मिनिटं.

अ‍ॅक्सिलरेटर किती दाबला आहे, याची एक रेषा असते. तार अडकली असती किंवा वीट ठेवली असती, तर ती पट्टीने ओढल्यासारखी सरळ आली असती.

रेषा सरळ नव्हती.

पहिली सहा मिनिटं ती जवळजवळ स्थिर होती. मग तिच्यात बारीक थरथर सुरू झाली. नवव्या मिनिटाला ती किंचित खचली आणि लगेच, दचकून सावरावं तशी, वर आली. पुन्हा थरथर. पुन्हा खचली, पुन्हा सावरली. वीस मिनिटांनंतर खचण्यातलं अंतर कमी कमी होत गेलं. तिसाव्या मिनिटाला रेषा अशी काही कापत होती की तिला ती बघवेना. पण तळाला ती एकदाही टेकली नव्हती. पेट्रोल संपेपर्यंत.

वीट थकत नाही. तार थकत नाही. तिने पडद्यावर बोट ठेवलं आणि ते रेषेवरून फिरवलं. तिचा स्वतःचा उजवा पाय टेबलाखाली, पोटरीपासून, दुखू लागला होता. कुठे आणि कसा दुखतो हे तिला माहीत होतं. नऊ वर्षांची असल्यापासून.

मागच्या तीसही नोंदी तिने पाहिल्या. सगळ्यांत तीच थरथर होती. बाबांना पायाशी कोणीतरी मिळालं होतं. त्यांनी ते तिला कळवलं नव्हतं. कळवलं असतं तर ती काय म्हणाली असती, हे दोघांनाही ठाऊक होतं.

६

दुपारचे तीन वाजले होते. बाहेर लख्ख ऊन होतं, वेल्डरकाका जेवायला गेले होते, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. ती घरी जाऊ शकली असती. उद्या दहाला शर्यतवाला गाडी घेऊन गेला असता, आणि हे सगळं त्याच्यासोबत दुसऱ्या एखाद्या गाळ्यात जाऊन उभं राहिलं असतं. तिथे कोणीतरी वाकून काम करताना सहज बोटं वर केली असती.

ती गेली नाही. एक म्हणजे टिकटिक अजून सापडली नव्हती. आणि दुसरं म्हणजे, खरं सांगायचं तर, आठ वर्षांत तिची वाट पाहणारं कोणी तिला भेटलं नव्हतं.

तिने इंजिन चालू केलं. सीट पुढे होती. तिने ती हलवली नाही. पुढे येऊन बॉनेट उघडलं, आधारकाठी लावली, पेचकस कानाशी घेतला आणि डावा हात कडेबाहेर काढला. एक बोट.

हजार.

दोन. सूर चढला. तीन. इंजिन गुरगुरत तीन हजारांवर जाऊन थांबलं, टर्बोची शीळ कानात भरली, आणि त्या शिळेखाली स्पष्ट, घड्याळासारखी, टिकटिक. तिने पेचकस बोटभर सरकवला. इथे कमी. इथे जास्त. टर्बोच्या बुडाशी, मागच्या अंगाला, जिथे हात पोहोचत नाही तिथला एक नट सैल होता. त्या फटीतून धूर चाटून जात होता. एवढंसं. कुठलंही यंत्र पकडणार नाही एवढंसं. बाबांचा कान बरोबर होता.

‘सापडलं!’ ती ओरडली, आणि तिला रडू फुटलं. तिने मूठ वळली.

सूर खाली आला नाही.

तिने मूठ उघडली, पुन्हा वळली, वर केली, हलवली. तीन हजार. एक सूर. लॅपटॉपवर रेषा थरथरायला लागली होती.

बॉनेट उघडं असलं की त्याच्या मागच्या कडेखाली, काचेच्या तळाशी, चार बोटांची एक फट राहते. त्या फटीतून आतलं थोडंसं दिसतं. तिने इतका वेळ तिकडे पाहिलं नव्हतं. आता पाहिलं.

स्टीअरिंगच्या खालच्या अंगाला दोन लहान हात. नखांत काळं तेल. वर, स्टीअरिंगच्या आऱ्यांमधून, वाकडा भांग, आणि दोन डोळे. कपाळावर घाम होता. ओठ दाताखाली दाबलेला होता. दुखतंय पण सांगायचं नाही, असा तो चेहरा. तिने तो घरच्या जुन्या फोटोंमध्ये पाहिला होता, आणि त्याआधी आरशात.

ते डोळे तिच्याकडे बघत नव्हते.

तिच्या मुठीकडेही नव्हते. मुठीपासून दीड वीत वर, तिच्या खांद्यापलीकडे, सहा फुटी माणूस तिच्या पाठीशी उभा राहून हात काढेल तिथे ते खिळले होते. पापणीसुद्धा न लववता.

तिच्या मानेवर ऊब जाणवत होती. ती इंजिनाची असू शकत होती. इंजिन पुढे होतं, ऊब मागे.

ती वळली नाही. पुढे पुष्कळ वर्षांनीही या एका गोष्टीचं तिला धड उत्तर देता आलं नाही. तिने चाचपडत फ्यूजच्या डब्याचं झाकण उचकटलं आणि पेट्रोलच्या पंपाचा फ्यूज उपटून काढला. इंजिन दोनदा धडधडलं, खोकलं आणि थांबलं. टर्बोची शीळ बारीक होत होत विरली.

त्या शांततेत, गाडीच्या आतून, कोणीतरी दमून सोडावा तसा एक श्वास ऐकू आला.

मागून काहीच ऐकू आलं नाही. मागून मूठ आली नव्हती.

७

सकाळी सात वाजता तिने स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं, ‘आत्या, शर्यतवाल्याला फोन कर. गाडी द्यायची नाही.’

‘अगं, तो निघाला असेल! आणि मी शब्द दिलाय त्याचं काय?’

‘माझं नाव सांग. म्हणावं, पोरगी डोक्यावर पडलीय.’

‘ते सांगायला नको, तू बोललीस की कळेल त्याला.’ आत्याने तिच्याकडे निरखून पाहिलं आणि तिचा आवाज उतरला. ‘रात्रभर जागी होतीस. काय झालं तिथे?’

‘काही नाही. पायाशी कोणीतरी लागतं.’

आत्या चहाचं भांडं हातात धरून उभी राहिली. मग तिने ते खाली ठेवलं आणि फोन उचलला.

वर्कशॉपमध्ये पोहोचल्यावर तिने शटर पार वर केलं. वाकून, हात खरचटवून, टर्बोच्या बुडाचा तो सैल नट आवळला. टाकीतलं सगळं पेट्रोल काढलं आणि मापाने मोजून एक लिटर परत ओतलं. फ्यूज जागेवर बसवला. भिंतीवरचा कागद तिने फाडला नाही. फक्त लॅपटॉप मिटवला.

वेल्डरकाका दारात येऊन उभे होते.

‘काका, इंजिन एका सुरात राहिलं तर घाबरू नका. एक लिटरच आहे. गप्प झालं की आत या.’

‘आणि तू कुठे असणार?’

‘पायाशी.’

‘मग पुढे बोटं कोण दाखवणार?’

तिने बॉनेट उघडलं, आधारकाठी लावली आणि बाबांचा पेचकस इंजिनावर आडवा ठेवला, उजव्या हाताला चटकन सापडेल असा. वेल्डरकाकांनी ते पाहिलं. ते आपल्या गाळ्याकडे गेले, पण यंत्र त्यांनी चालू केलं नाही.

सीट पुढच्या शेवटच्या खाचेत होती. तिने खाली हात घालून दांडा धरला. एक झटका दिला असता तर ती आरामात मागे गेली असती. तिने दांडा सोडून दिला.

मग वाकून, अंग चोरून, गुडघे डॅशबोर्डला टेकवत ती आत शिरली. सीट गरम होती. तिने पाय अ‍ॅक्सिलरेटरवर ठेवला, चावी फिरवली आणि काचेतून बॉनेटच्या कडेकडे, सहा फुटी माणसाचा हात येईल तिथे, बघत राहिली.